सात घरांची एक खाट

"बसा की भाऊसायेब, खुर्ची तुमच्यासाठीच टाकलीया," ठमाबाई म्हणाली आणि पदराने खुर्ची पुन्हा एकदा पुसली. ती आधीच इतकी पुसली होती की बसताना मी घसरतो की काय असं वाटलं.

मी बसलो. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. तलाठी म्हणून रुजू होऊन तीन महिने झाले होते, आणि तलाठ्याला लोक भाऊसाहेब म्हणतात याचं मला अजून अप्रूप होतं. मांडीवर निराधार योजनेचा गृहचौकशीचा छापील नमुना होता. अर्जदाराच्या घरी जायचं, तो खरंच निराधार आहे का हे डोळ्यांनी बघायचं आणि लिहायचं. ‘चौकशीवेळी घरात आढळलेल्या वस्तू’ असा एक ऐसपैस रकाना त्यात होता. माणसाची अवस्था सरकारला वस्तूंवरून कळते. माणसासाठी त्या नमुन्यात दीड ओळ होती.

ही वस्ती गावापासून कोसभर लांब, गायरानात. गावातले लोक यांना पालवाले म्हणत. पालं जाऊन झोपड्या झाल्या होत्या, तरी नाव तेच. बायका गावोगाव फिरून सुया, पोत, बिब्बे विकायच्या. गावाला त्यांच्या सुया चालत, त्यांची सावली चालत नसे.

ठमाबाईची झोपडी म्हणजे चार बांबू, वर पोती आणि प्लास्टिकचा कागद. आत मात्र थाट होता. लोखंडी खाट, तिच्यावर फुलाफुलांची चादर. बांबूला टांगलेलं घड्याळ. खोक्यावर टेबलफॅन आणि त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल. स्टीलच्या ताटात सोनेरी काठाच्या सहा कपबशा. खाटेशेजारी जमिनीवर ठमाबाईची मुलगी काशी बसली होती. बारा वर्षांची, पोलिओने दोन्ही पाय वाळलेले. हातांवर सरकत चालायची.

"खाटेवर का नाही बसत गं?" मी विचारलं.

ती आईकडे बघत म्हणाली, "चादर चुरगळंल."

मी चौकशी सुरू केली. "नवरा?"

"गेला. आठ वर्सं झाली."

"उत्पन्न काय?"

"सुया इकत हुते भाऊसायेब. आता दिसंना झालंय. सुई मागितली तर बिब्बा देते. लोक हसत्यात."

"मग खाता काय?"

"वस्ती देती." मग ती खाली बसली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "माघातल्या जत्रंच्या आत हुईल का हो काम?"

"जत्रेचा काय संबंध?"

"तवा बबन मुकादम येतो, टेंपो घिऊन."

हा मुकादम दर वर्षी अशा वस्त्यांवरून फिरायचा. लंगडी, आंधळी पोरं गोळा करायचा आणि लांबच्या मोठ्या देवस्थानाच्या पायऱ्यांवर नेऊन बसवायचा. आईबापांना वर्षाचं धान्य टाकून जायचा. पोरं पुढच्या जत्रेला परत आणायचा, असं म्हणत. आणलेली कुणी पाहिली नव्हती. काशीवर त्याचा दोन वर्षांपासून डोळा होता.

"मागल्या साली म्या न्हाई म्हनले," ठमाबाई म्हणाली. "औंदा न्हाई म्हनायला घरात दाना पायजे."

काशी सगळं ऐकत होती. ती चादरीचा लोंबणारा कोपरा सारखा करत राहिली.

"काळजी करू नका," मी म्हणालो. हे वाक्य सरकारी माणसाला फार लवकर येतं. मग मी चहा घेतला. कोतवाल तुळशीराम बाहेरच उभा होता. चहा म्हटल्यावर त्याला अचानक पित्त झालं. मी मात्र चपला बाहेर काढून आत आलो होतो, चहाही प्यायलो, आणि या दोन पराक्रमांवर मनातल्या मनात खूश होतो.

रकान्यात लिहिलं: खाट एक, खुर्ची एक, घड्याळ एक, टेबलफॅन एक, कपबशा सहा. विजेचा खांब कोसभर लांब होता. पण वीज आहे का, असा रकाना नमुन्यात नव्हता.

दुसरं घर जनाबाईचं, तीही विधवा. ते पन्नास पावलांवर होतं. पण वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी मला आधी विहिरीचा खड्डा दाखवला, मग एक आजारी शेळी दाखवली, मग पुन्हा विहिरीचा खड्डा. झोपड्यांच्या मागच्या बाजूने धावपळ ऐकू येत होती. जनाबाईकडे पोचलो तर आत लोखंडी खाट, फुलाफुलांची चादर, खोक्यावर टेबलफॅन. घड्याळ बांबूवर अजून झुलत होतं. कपबशा ओल्या होत्या.

"बसा की भाऊसायेब," जनाबाई धापा टाकत म्हणाली आणि खुर्ची पुढे केली.

माझ्या लक्षात आलं. मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं की लक्षात आलं नाही, पण आलं. खुर्चीच्या पाठीला चीर होती, तीच चीर. आणि माझं डोकं फिरलं. हे लोक मला मूर्ख समजतात, सरकारला फसवतात, असं वाटलं. आता फसवत होते हे खरंच. पण श्रीमंत दिसण्यासाठी फसवून निराधाराच्या योजनेत कुणाला काय मिळणार, हा प्रश्न त्या हुशार डोक्यात आला नाही. चांगली अद्दल घडवू म्हटलं. जे दिसेल ते लिहायचं. मी लिहिलं: खाट एक, खुर्ची एक, घड्याळ एक, टेबलफॅन एक, कपबशा सहा.

तिसरं घर लिंबाजीचं. हा म्हातारा आणि त्याची नात रंगू, दोघंच. रंगू नऊ वर्षांची, जन्मापासून आंधळी. खाट आणणारे दोघे गडी झोपडीमागे इतक्या मोठ्याने धापा टाकत होते की मला प्रश्न ओरडून विचारावे लागले.

"पंखा बी हाय आमच्याकडं," लिंबाजी म्हणाला. कुणीतरी त्याला पढवलं असावं.

रंगूने मान वर केली. "आज्या, पंखा आलाय? मग वारं कुटंय?"

लिंबाजीने तिला गप्प केलं. बाहेर तुळशीराम हसला. मी हसलो नाही. मी अधिकारी होतो. मी लिहिलं: टेबलफॅन एक.

अशी सात घरं झाली. सात चहा प्यायलो. सातव्या घरापर्यंत चादर कळकट झाली होती आणि खाटेचा एक पाय वाकला होता. कार्बन घालून एकदाच लिहिलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी गावातले अकरा अर्ज होते. त्यांच्या चौकशीसाठी गावभर हिंडावं लागलं नाही. तुळशीरामने मला थेट आपल्या गोठ्यात नेलं. गोठा पडायला आला होता. कोपऱ्यात म्हैस, आणि दाराजवळ गोणपाटावर एक धष्टपुष्ट म्हातारी.

"भागीरथीबाई," तुळशीराम म्हणाला. "निराधार समितीच्या अध्यक्षांच्या मावशी."

"राहता कुठे?" मी विचारलं.

"हितंच रे बाबा," ती कण्हत म्हणाली. "म्हशीच्या उबेला."

तिच्या दोन्ही मनगटांवर बांगड्यांएवढे गोरे पट्टे होते. अंगावरचं लुगडं फाटकं होतं, पण ते तिच्या मापाचं नव्हतं. म्हशीने आमच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. ‘आढळलेल्या वस्तू’ या रकान्यात मी लिहिलं: गोणपाट एक.

भागीरथीबाई उठून बाहेर गेल्या आणि पुढचा अर्जदार त्याच गोणपाटावर येऊन बसला. गोणपाट थंड व्हायलाही वेळ मिळत नव्हता. बाहेर रांग होती. एकाचं दारिद्र्य आटोपलं की तो लुगडं नाहीतर बंडी सोडून पुढच्याला द्यायचा आणि मोटारसायकलवर बसून घरी जायचा. अकरा जण त्या एका गोठ्यात राहतात असं मी अकरा वेळा सही करून लिहून दिलं. दिसेल ते लिहायचं, हे माझं तत्त्व होतं. तत्त्वाचा फायदा असा की त्याच्या मागे काही बघावं लागत नाही.

निवडणुका जवळ आल्या होत्या म्हणून समितीची बैठक पंधरा दिवसांतच लागली. अध्यक्ष अंकुशराव हे तालुक्यातलं वजनदार प्रस्थ, आणि वजन नुसतं शब्दाचं नव्हतं. त्यांनी माझे अहवाल हातात घेतले.

"काय राव," ते म्हणाले, "पालवाल्यांकडं खाट, पंखा, सोनेरी कपबशा! आमच्या बंगल्यावरचा पंखा चार दिवस बंद आहे. आपणच अर्ज करावा का?"

सदस्य पोट धरून हसले. अकरा मंजूर, सात नामंजूर. अंकुशराव माझ्याकडे वळले. "ढवळे भाऊसाहेब, इतका निःपक्षपाती तलाठी मी बघितला नाही. माझ्या मावशीलासुद्धा गोणपाटाच्या वर एक वस्तू दिली नाही तुम्ही!"

माझी छाती फुगली. आता आठवलं की कान गरम होतात, पण तेव्हा फुगली.

आठवड्याने ठमाबाई चावडीवर आली. आत आली नाही. पायरीच्या खाली उभी राहिली, एका बाईच्या खांद्यावर हात ठेवून. नामंजुरीचा कागद तिने उलटा धरला होता.

"भाऊसायेब, काई कमी पडलं का हो?"

"कशात?"

"पाव्हनचारात. च्यात साकर कमी हुती का? जनाबाई म्हनती, चादर मळकी हुती. पर तिच्याकडं यिस्तवर मळली, माझ्याकडं चांगली हुती." ती कळवळून सांगत होती. "आमी सगळ्यांनी ठरवलं हुतं, सरकार पयल्यांदा घरी यायलंय, तर भुईवर कसं बसवायचं? खाट लिंबाजीची. खुर्ची जनाबाईची. घड्याळ रामाच्या लग्नातलं. पंखा भंगारात घावला, लाईट आली की लावू म्हनून ठिवलाय. कप तेवडे माझे. फुडल्या बारीला चांगली सोय करू. बाजारात एकाकडं सोफा हाय, दिसाच्या भाड्यानं देतो म्हनला."

चोरी पकडल्यासारखं मला वाटलं, आणि चोर मी होतो. पण मी साहेबी आवाजातच समजावलं.

"ठमाबाई, तुमच्याकडे वस्तू दिसल्या म्हणून नामंजूर झालं. घर रिकामं दिसायला पाहिजे होतं."

तिला कळेना. "रिकामं? पाव्हना यायचा आन् घर रिकामं?"

"मी पाहुणा नाही. मी चौकशी अधिकारी आहे."

"आमच्याकडं पोलिसाबिगर कुनी येत न्हाई, भाऊसायेब. त्ये बी बुटासकट येत्यात. तुमी चपला काडून आत आला." तिने कागदाची घडी घातली. "मुकादम परवा यिऊन काशीला बघून गेलाय. हात बगितलं तिचं. म्हनला, सरकतीय बेस."

मी तिला फेरचौकशीचे अर्ज द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सात अर्ज आले, सात अंगठे. मी ते पिशवीत ठेवले.

तुळशीरामने तोडगा सुचवला नाही, मीच सुचवला. "मामा, ठमाबाईची चौकशी तुमच्या गोठ्यातच करू. तिथे सगळे निराधार होतात. तीही होईल."

तुळशीरामने जीभ चावली. "माझ्या गोठ्यात? पालवाली? भाऊसाहेब, गाव मला गावात ठेवील का?"

"अहो, अकरा लोक बसवलेत तुम्ही तिथे."

"ते घरंदाज लोक होते," तुळशीराम म्हणाला.

म्हणजे गरिबी दाखवायलाही घराणं लागत होतं. गोठ्याचा विचार सोडला. नियम असा होता की एकदा नामंजूर झालेल्या अर्जाची फेरचौकशी समितीच्या माणसासमोर व्हायला हवी. ठमाबाईच्या घरापासून सुरुवात करावी, अशी मी अंकुशरावांना विनंती केली. ते येतो म्हणाले. निवडणुकीत वस्तीची चाळीस मतं होती.

आदल्या दिवशी मी वस्तीवर जाऊन सगळ्यांना गोळा केलं आणि बजावलं. "उद्या ठमाबाईच्या घरात काहीही आणायचं नाही. खाट नाही, खुर्ची नाही. कप तर मुळीच नाही. समजलं?"

"मग त्ये बसनार कशावर?" लिंबाजीने विचारलं.

"उभे राहतील."

"अध्यक्ष उबं ऱ्हानार?" लिंबाजी चिंतेत पडला. सगळी वस्तीच चिंतेत पडली. तिथे काशीचं काय होणार यापेक्षा अध्यक्षांच्या गुडघ्यांचं काय होणार हा मोठा प्रश्न झाला. शेवटी मी काशीकडे बोट दाखवलं. तेव्हा कुठे माना हलल्या.

दुसऱ्या दिवशी अंकुशराव जीपमधून आले. झोपडी रिकामी होती. चूल, दोन मडकी, एक गोधडी आणि गोधडीवर काशी. हेच तिचं खरं घर होतं आणि मीही ते पहिल्यांदाच बघत होतो. वस्तीतले लोक आपापल्या दाराशी हात बांधून उभे होते. अंकुशराव वाकून आत आले, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "बसायला काही नाही का?"

ठमाबाई पदराची दशी ओढत होती. मी तिच्याकडे डोळे वटारून बघत होतो, पण तिला दिसत नव्हतं ते मी विसरलो होतो.

"असू द्या," अंकुशराव म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून जरा कण्हले.

ते कण्हणं तिला सोसवलं नाही. "अगं जनाबाई, खुर्ची आन गं!" ती ओरडली.

बांध फुटावा तसं झालं. जनाबाई खुर्ची घेऊन धावली. मागून दोन गडी लिंबाजीची खाट घेऊन आले, वाकलेल्या पायासकट. घड्याळ आलं. टेबलफॅन आला. खाट आत मावेना म्हणून काशीला उचलून बाहेर ठेवलं. कपाट असतं तर तेही आलं असतं. मी "नको, नको" म्हणत मध्ये उभा होतो आणि लोक मला वळसा घालून सामान लावत होते. त्यांच्या तोंडावर सुटल्यासारखं हसू होतं.

अंकुशराव खुर्चीवर टेकले. ठमाबाईने चहा पुढे केला. "नको, मला शुगर आहे," ते म्हणाले. चावडीत त्यांनी तासाभरापूर्वी गोडमिट्ट चहा दोनदा घेतला होता.

मग ते माझ्याकडे वळले. त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांना मजा वाटत होती. "लिहा भाऊसाहेब. तुम्ही तर दिसेल ते लिहिता. खाट एक. खुर्ची एक."

"लिहितो," मी म्हणालो. "आणि गावातल्या अकरा जणांचीही फेरचौकशी लावावी म्हणतो. प्रत्येकाच्या राहत्या घरी. सुरुवात तुमच्या मावशींपासून."

अंकुशराव मनापासून हसले. "शिकलात की हो! चार महिन्यांत शिकलात. लोकांना चार वर्षं लागतात." ते उठले, मला खांद्याला धरून बाहेर घेऊन आले. "पिशवीत किती आहेत?"

"सात."

"एक द्या इकडं."

"सातही खरे आहेत, साहेब."

"खरे असतील. खरे सगळीकडंच असतात. सात केले तर बाकीच्या वस्त्यांवरचे सत्तर येतील, आणि मग आमची माणसं कुठं घालू? एक घ्या. या लंगड्या पोरीच्या आईचा घ्या. तुम्हीही खूश, मीही खूश. अकराचं नाव काढायचं नाही आणि उरलेल्या सहांचंही."

मी काशीकडे बघितलं. ती बाहेर उन्हात बसली होती, जिथे ठेवली तिथेच. जत्रेला नऊ दिवस होते. मी पिशवीतून ठमाबाईचा अर्ज काढून दिला. अंकुशरावांनी जीपच्या बॉनेटवर ठेवून सही केली. उरलेले सहा मी घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवले. मला वाईट वाटलं नाही. उलट अंकुशरावांसारख्या माणसाला पाणी पाजलं म्हणून मी घरी शीळ घालत गेलो.

माझ्या निवृत्तीच्या समारंभात एका वक्त्याने ही गोष्ट इथपर्यंत सांगितली. एका अपंग मुलीला भिकेला लागण्यापासून ज्यांनी वाचवलं ते आपले ढवळे भाऊसाहेब, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या, शाल मिळाली, नारळ मिळाला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही वाकून नमस्कार केला. ज्याला पुढचं माहीत आहे असा त्या मांडवात मी एकटाच होतो.

त्या वर्षी जत्रा झाल्यावर चार दिवसांनी मी वस्तीवर गेलो. काम काही नव्हतं. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला गेलो होतो. ठमाबाई दाराशी बसली होती आणि काशी आत भाकरी थापत होती. मला बघून काशी हसली. मला फार बरं वाटलं.

"आला होता का मुकादम?" मी विचारलं.

"आला हुता," ठमाबाई म्हणाली. "म्या सरकारचा कागद दावला. म्हनलं, माझ्या पोरीला सरकार हाय."

"शाब्बास! मग?"

"मग काय. गेला." तिने मांडीवरचा पदर झटकला. "रिकामा न्हाई गेला, भाऊसायेब."

"म्हणजे?"

आत भाकरीचा आवाज थांबला. मग काशीच म्हणाली, "रंगूला नेलं."

मी लिंबाजीच्या झोपडीकडे बघितलं. लिंबाजी दारात बसला होता. त्याच्या मागे ज्वारीचं एक पोतं उभं होतं, तोंड न सोडलेलं. मला बघून तो घाईने उठला आणि काठी टेकत माझ्याकडे आला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मी त्याला दोन शब्द सुनावून सुटलो असतो. तो हात जोडत आला.

"भाऊसायेब, ठमीचा कागद आला. माझा कवा येतोय?"

सहा अर्ज पिशवीत होते आणि पिशवी माझ्या खांद्यावर होती. मी अंकुशरावांशी त्याच्या नातीचा सौदा केला होता, आणि त्याला तो ठाऊक नव्हता. मला त्या जागेवरून पळून जावंसं वाटलं. मी म्हणालो, "बघतो."

"उशीर झाला तरी चालंल," लिंबाजी समजुतीने म्हणाला. "तुमाला कामं असत्यात. मी रंगूला सांगूनच धाडलंय, कागद आला की आनतो म्हनून. पर आला की लगी सांगा, म्हंजी मुकादमाला निरोप देतो. पोर आंधळी हाय, भाऊसायेब. तिची ती न्हाई यिऊ शकायची."